शटर उघडे राहील

दर शुक्रवारी फळा पुसायचं काम माझ्याकडे.
ओल्या फडक्यानं नाही. नळाला पाणी
नवव्या दिवशी येतं, कधी अकराव्या.
कोरडाच पुसतो, म्हणून मागचे कार्यक्रम
पूर्ण जात नाहीत,
नव्या अक्षरांच्या खालून डोकावत राहतात.

रविवार, सकाळी दहा.
कॉकपिट लेकरांसाठी उघडे.
चपला शिडीखाली काढाव्यात. एका वेळी एक.
लाल दांडी ओढू नये.
(ओढली तरी काही होत नाही,
पण हे फळ्यावर लिहीत नाही.)

त्याच दिवशी चारला
कागदी विमानांची स्पर्धा. वहीची पानं घरून आणावीत.
गेल्या खेपेला उर्दू शाळेच्या अफशीनचं विमान
शेडच्या तुळईवर जाऊन बसलं
ते अजून उतरलेलं नाही.
परीक्षकांनी निकाल राखून ठेवलाय.

बुधवारी व्याख्यान. विषय: रिव्हेट.
वक्ते सार्जंट दाभाडे, निवृत्त.
विषय एका शब्दाचा, बोलणं दोन तासांचं.
पंखावरून बोट फिरवत ते मोजत जातात,
मध्येच कुणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून.
बुधवारीच नळ आला तर मात्र कुणी येणार नाही,
दाभाडेसुद्धा.

आमचं गाव जालना. इथं लोखंड वितळतं.
रात्री भट्ट्यांचा उजेड ढगांना खालून लागतो.
जहाजांचे पत्रे, रेल्वेचे रूळ, कुणाच्या दाराची कडी,
सगळं ट्रकांनी येतं आणि सळई होऊन जातं.
हे विमानही तसंच आलेलं. पंख वेगळे बांधून, वजनावर.
क्रेनचं चुंबक वर आलं,
भोवतीचे खिळे, साखळ्या, डबे टिपून घेऊन गेलं.
विमान जागेवर.
पुन्हा आलं. विमान जागेवर.
तेव्हा भंगार निवडणारी कौसाबाई पुढं झाली,
कलिंगड वाजवून बघावं तशी
बोटाच्या पेरानं टकटक केली, म्हणाली,
"हे इमान लोखंडाचं न्हाई. बाजूला काढा."

बाजूला काढलं. एवढंच झालं.
अॅल्युमिनियमवाला आज येतो, उद्या येतो म्हणाला,
सहा वर्षं आला नाही.
बाजूला राहता राहता त्याचं संग्रहालय झालं.
पाटी रंगवताना पेंटर मोहसीननं
ऐकलं तसं लिहिलं: इमान संग्रहालय.
साहेब म्हणतात दुरुस्त करा.
रंगाचा डबा आणून ठेवलाय.
झाकण अजून उघडलेलं नाही.

फळ्याच्या तळाशी एक ओळ राहते नेहमी:
इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न, तारीख नंतर कळवू.
ती पुसत नाही, फक्त गिरवतो.

आज गिरवत होतो तर
जेवणाच्या सुट्टीत कौसाबाई कुंपणाशी आली.
"काय लिव्हायलास?"
सगळं वाचून दाखवलं, रिव्हेटसकट.
ऐकून घेतलं. मग हळूच,
"लेकरांनीच बसायचं व्हय त्यात?"

मी खडू हातात धरून उभा.
तिकीट लागणार नाही, म्हणालो. तिनं विचारलंच नव्हतं.
"दहाला माझी पाळी असती. रविवारीबी."
मी दहाचं साडेसहा केलं.
लेकरं उठतील का, साहेब काय म्हणतील,
ते नंतर बघू.

जाता जाता वळली.
"आत बसल्यावर काय दिसतं रे?"
खरं सांगायचं तर शेडचं शटर दिसतं.
आणि शटर वर केलं की?
रस्ता. मोसंबीच्या गाड्या. पाण्याची टाकी.
टाकीच्या वर जे असतं ते.
"मग वरच ठिव," म्हणाली,
आणि भोंगा झाला तशी पळत गेली.

फळ्यावर जागा उरली नव्हती.
मागच्या महिन्याच्या पुसट अक्षरांवरच
बारीक लिहिलं:
शटर उघडे राहील.